हल्ली मुक्काम नागपूर

गेल्या पावसाळ्यात इतवारीतले एक ओळखीचे व्यापारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन जुनी खते घेऊन माझ्या घरी आले. मला मोडी वाचता येते, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. मी विद्यापीठात इतिहास शिकलेला माणूस नाही. पोटापाण्यासाठी हिशेब लिहिण्याची नोकरी केली आणि मोडी चाळिशी उलटल्यावर शिकलो. महाल, इतवारी, हंसापुरी या भागांतल्या लोकांचे जुने कागद वाचून देता देता जो काही अभ्यास झाला तेवढाच.

"भाऊ, घर विकून राह्यलो," शेटजी म्हणाले. "घेणाऱ्याचा वकील म्हणते, जुनी खतं वाचून आणा. ह्ये मोडी कोणाले येते आता?"

"राहतं घर काहून विकता, शेटजी? दुकानही खालीच आहे ना?"

"नातू अमेरिकेतच राह्यतो म्हणते. शिक्षण झालं, पण व्हिसाचं काही खरं नाही. आठ लाख डॉलर तिथल्या धंद्यात लावले का कार्ड भेटते म्हणे. कायमचं."

मी खते उलगडली. पहिले विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे होते. शेटजींच्या पणजोबांनी इतवारीतली जागा विकत घेतली, त्याचे खरेदीखत. चतुःसीमा, रक्कम, साक्षीदार, सगळे नेहमीसारखे. घेणाऱ्याच्या नावापुढे लिहिले होते : राहणार अमुक गाव, इलाखा शेखावाटी, हल्ली मुक्काम नागपूर. दुसरे खत त्यानंतर सुमारे २५ वर्षांचे, लगतच्या पडीक तुकड्याचे. घेणारा तोच. पण या वेळी त्याच्या नावापुढे शेखावाटी नव्हती. नुसते लिहिले होते : राहणार नागपूर.

वकिलाला हवे होते ते वाचून, उतरवून मी दिले. पण त्या दोन शब्दप्रयोगांमधले अंतर माझ्या डोक्यातून जाईना. जुन्या कागदांत 'ह. मु.' आणि 'रा.' ही अक्षरे मी शेकडो वेळा वाचली आहेत आणि तेवढ्याच वेळा ओलांडून पुढे गेलो आहे. माणसाच्या 'हल्ली मुक्काम'चे 'राहणार' कधी आणि कशाने होते? पैसा टाकून ते विकत घेता येते का? आज जगभर 'गोल्डन व्हिसा' या नावाने जो व्यवहार चालतो, त्याचा मागोवा आपल्या मुलखात किती मागे जातो? या लेखात तो घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कौल : राजा रहिवासी विकत घेतो

सुरुवात नागपूरपासूनच करू, कारण हे शहरच मुळी बाहेरून बोलावलेल्या माणसांचे आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १२ वाड्यांच्या जागी नागपूर वसवले. तो औरंगजेबाच्या दरबारी जाऊन आला होता आणि दिल्लीचे वैभव त्याने पाहिले होते. परतल्यावर त्याने आपल्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखात बाहेरची माणसे आणायला सुरुवात केली. १८०७ ते १८२७ या काळात नागपूरला इंग्रज रेसिडेंट असलेल्या रिचर्ड जेन्किन्सने आपल्या १८२७च्या अहवालात याची नोंद केली आहे. हिंदू असो वा मुसलमान, कर्तबगार माणसाला बख्त बुलंद कामावर घेई. चहूकडून कष्टाळू लोक गोंडवनात येऊन राहिले, गावे वसली, शेती आणि कारागिरी वाढली, असा त्याचा आशय आहे. बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली, शहराला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. पुढे १७४०च्या आसपास रघूजी भोसल्यांचा अंमल बसला, तेव्हा त्यांच्यामागून देशावरची शेतकरी, कारकून, शिपाई, विणकर अशी माणसे आली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावे पाहिली की हे शहर बाजारांभोवती वाढले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

माणसांना बोलावून वसवण्याची त्या काळची मराठी मुलखातली रीत म्हणजे कौल. कौल म्हणजे अभयाचे, आश्वासनाचे पत्र. पडीक रानात येऊन नांगर धरणाऱ्याला सरकार कौल देई. त्यात बहुधा इस्तावा ठरलेला असे. म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र किंवा अजिबात नाही, दुसऱ्या वर्षी थोडा, तिसऱ्या वर्षी त्याहून थोडा जास्त आणि काही वर्षांनी पूर्ण दस्त. शिवाजीराजांच्या बालपणी उजाड पडलेला पुणे परगणा दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वसवला तो याच मार्गाने. पेशवाईत पेठा वसवतानाही हेच सूत्र होते. नवी पेठ काढायची तर उदमी, बकाल, कारागीर यांना कौल द्यायचा, घर-दुकान बांधायला जागा द्यायची, काही वर्षे जकात आणि इतर पट्ट्या माफ करायच्या. पेठेची व्यवस्था पाहायला शेटे आणि महाजन नेमायचे आणि त्यांना वंशपरंपरेचे हक्क द्यायचे. पेठ वसवण्याचे काम कधी एखाद्या मातबर माणसाकडे सोपवले जाई; पुण्याची शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली ती अशीच.

या व्यवहारात कोण कोणाला काय देत होते, ते नीट पाहावे. येणारा माणूस भांडवल आणत होता : बैल, बी-बियाणे, माग, तागडी, माल आणि सर्वांत मोठे म्हणजे स्वतःचे व घरच्यांचे हात. ते तो इथे गुंतवत होता आणि बदल्यात त्याला कायमचे राहायला मिळत होते. आजच्या भाषेत ही गुंतवणुकीवर मिळालेली कायम वास्तव्याची परवानगीच झाली. फरक एवढाच की पहिली किंमत सरकार मोजत होते, सोडलेल्या साऱ्याच्या आणि जकातीच्या रूपाने. कारण साधे होते. जमीन मुबलक होती, माणसे थोडी होती. लढाई, दुष्काळ, रोगराई यांत गावे ओस पडत. रयतेला जाच झाला की ती रातोरात उठून शेजारच्या अंमलात जाई आणि तिथला अंमलदार तिला आनंदाने ठेवून घेई. त्यामुळे राहणारा माणूस हीच राज्याची खरी संपत्ती होती. राजा रहिवासी विकत घेत होता.

मिरास : गाव काय विकत असे

पण कौल मिळाला म्हणून माणूस लगेच गावचा होत नसे. देशावरच्या गावांत शेतकऱ्यांचे दोन सरळ वर्ग होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराला थळकरीही म्हणत, कारण गावची जमीन मूळ घराण्यांच्या थळांत विभागलेली असे आणि ती थळे त्या घराण्यांच्या नावांनी ओळखली जात. मिरासदाराची जमीन त्याची वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई. गावच्या बैठकीत त्याला जागा असे, मानपानात त्याचा क्रम ठरलेला असे. सारा भरणे ही त्याची जबाबदारी होती आणि अनेक ठिकाणी तो उपऱ्यापेक्षा जास्त भरी. संकटात तो परागंदा झाला, बऱ्याच वर्षांनी त्याचा मुलगा-नातू परत आला, तरी त्याला आपली मिरास मागता येई. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या हक्काबद्दल त्याला वाटलेले नवल दिसते.

उपरी म्हणजे बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा. त्याचा करार वर्षाचा किंवा काही वर्षांचा. सारा पुष्कळदा कमी, कारण परवडले नाही तर तो उठून जाऊ शकत होता. पण गावात त्याचा शब्द नव्हता. पिढ्यान् पिढ्या राहूनही तो उपराच राही. 'उपरा' हा शब्द आजही आपण ज्या अर्थाने वापरतो, त्यात तो जुना गाव शिल्लक आहे.

आता आपल्या विषयाशी नेमकी भिडणारी गोष्ट. उपऱ्याला मिरासदार होता येत असे, पैसे देऊन. एखादे घराणे निर्वंश झाले किंवा कायमचे निघून गेले की त्याची जमीन गतकुळी होई. ती गावाच्या ताब्यात येई. उपऱ्याने किंवा परगावच्या माणसाने मागणी केली, तर पाटील, कुळकर्णी आणि गावचे मिरासदार मिळून ती त्याला ठरलेल्या किमतीला देत आणि मिरासपत्र लिहून देत. त्यावर गावच्या मंडळींच्या, कधी बलुतेदारांच्याही साक्षी असत. जमीन पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने उपभोगावी, असे त्यात लिहिलेले असे. त्या दिवसापासून तो गावचा.

म्हणजे कायमचे रहिवासीपण विकत मिळत होते, यात शंका नाही. मात्र ते राजधानीत बसलेल्या सरकारने परस्पर विकलेले नव्हते. ज्यांच्या शेजारी राहायचे, त्यांनीच ते विकलेले होते. किंमत भरली तरी गावाने 'हो' म्हणावे लागे आणि साक्ष घालणारी माणसे उद्या बांधाला बांध लावून असणार होती. मिरासपत्राबरोबर मान येई, तशी जोखीमही येई. साऱ्याचा बोजा गावावर एकत्र पडे आणि मिरासदाराला पळून जाणे अवघड होई. पैशाने जे मिळत होते त्यात हक्क होते आणि गावाने घातलेली वेसणही होती.

नागपूर प्रांतात मिरासीची ही रीत देशासारखी रुजलेली नव्हती. भोसल्यांच्या अमलात पाटील गावाचा सारा ठरवून गाव चालवी, पण गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८५३ साली तिसरे रघूजी वारस नसताना वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढच्या जमाबंदीत इंग्रजांनी पाटलांना गावाचे मालक ठरवले. तेच मालगुजार. गाव मालकीचे झाले म्हणजे ते गहाण टाकता येऊ लागले, विकता येऊ लागले. मग सावकारी करणाऱ्या परप्रांतीय पेढीला कर्जाच्या वसुलीत आख्खे गाव मिळू लागले. देशावरच्या उपऱ्याला मिरासदार व्हायला गावची संमती लागत होती. इथे 'हल्ली मुक्काम' असलेला माणूस दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर गावाचा मालक होऊ शकत होता, गावाला न विचारता. ही मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली, पण ग्रामीण विदर्भात सावकाराबद्दलचा जो कडवटपणा ऐकू येतो, त्याची एक मुळी इथे आहे.

पेढ्या, रेल्वे आणि गिरणी

शेटजींच्या घरची कथा, त्यांच्या समाजातल्या बहुतेक घरांत सांगतात तशीच आहे. पणजोबा केवळ लोटा आणि दोरी घेऊन आले. वाटेतल्या विहिरींचे पाणी काढून प्यायचे, एवढेच त्यांच्याजवळ होते. मला ही कथा आवडते, पण ती अर्धीच खरी असावी असे कागद सांगतात. मारवाडातून निघालेल्या तरुणाच्या हातात रोकड नसे, पण त्याच्यामागे पत असे. आधी आलेल्या नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या पेढीवर तो गुमास्ता म्हणून लागे, बास्यात जेवे-झोपे, हिशेब शिके आणि काही वर्षांनी त्याच पेढीच्या उधारीवर स्वतःचे दुकान टाकी. रक्तामासाचे, गाव-गोत्राचे नाते हेच त्याचे भांडवल होते.

एक गोष्ट आपण सहज विसरतो. शेखावाटी जयपूर संस्थानात होती, बिकानेर हे स्वतंत्र संस्थान. तिथला माणूस त्या त्या महाराजांचा प्रजाजन असे. कायद्याच्या चोख भाषेत तो ब्रिटिश प्रजाजन नव्हता. नागपूर १८५४पासून ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली. म्हणजे हा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत होता. पण त्याला परवाना लागत नव्हता, किती रुपये आणलेस असे कोणी विचारत नव्हते. 'हल्ली मुक्काम'चे 'राहणार' करून घ्यायला कोणतेही कार्यालय नव्हते. ते खत लिहिणाऱ्याच्या लेखणीतून, आपोआप होत होते.

बिकानेरच्या डागा घराण्याची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी त्या काळी मध्य प्रांतातली बडी पेढी. तिचा पसारा कामठीच्या छावणीच्या आधाराने वाढला. कामठीला इंग्रजांची लष्करी छावणी १८२१मध्ये बसली होती आणि फौज म्हटली की हुंडी, खजिना, पुरवठा हे आलेच. याच घराण्यातल्या सर कस्तुरचंद डागांच्या नावाचे मैदान आज नागपूरच्या मध्यभागी आहे. सभा, मोर्चे, प्रदर्शने तिथे होतात. कस्तुरचंद पार्कवर जमणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव बिकानेरच्या माणसाचे आहे हे ठाऊक असते? शहराने 'राहणार' लिहून दिले, त्याला याहून मोठा पुरावा नको.

दुसरे उदाहरण गिरणीचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. जमशेटजी टाटांनी हे हेरले आणि मुंबई सोडून कापसाच्या दारातच गिरणी काढायचे ठरवले. १८७४मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' म्हणून जाहीर झाली तो हाच दिवस. गिरणीचे नाव त्यावरून पडले. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढायला माती ओतली जात होती तेव्हा इथल्या एका सावकाराने, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, म्हणून भांडवल द्यायला नकार दिला आणि पुढे गिरणीचा नफा पाहून, टाटांनी माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिली, असा किस्सा सांगतात.

जमशेटजी स्वतः नागपूरला राहायला आले नाहीत. गिरणी चालवली ती बेझनजी मेहतांनी. ते रेल्वेच्या नोकरीतून आलेले पारशी गृहस्थ; गिरणीधंद्याचा अनुभव नसताना आले आणि इथलेच झाले. गिरणीने हजारो हातांना काम दिले. कामगारांसाठी १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड आणि १८९५मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली, ती कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. कोष्टी-हलबा विणकरांच्या हातमागांना मात्र गिरणीच्या कापडाशी झुंजावे लागले. बाहेरचे भांडवल येते तेव्हा ते सगळ्यांना सारखे फळत नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पंधरा वर्षे आणि एक प्रतिज्ञापत्र

रहिवासीपण मोजायला सुरुवात झाली ती नोकऱ्यांवरून. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे निजामाच्या राज्यातले मुलकी नियम. मराठवाडा तेव्हा त्या राज्यात होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिकलेले लोक सरकारी जागा घेतात, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. १९१९मध्ये निजामाने फर्मान काढून मुलकी कोण ते पक्के केले. जन्माने प्रजाजन नसलेल्याला मुलकी व्हायचे तर राज्यात १५ वर्षे वास्तव्य हवे आणि मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र हवे.

हे प्रतिज्ञापत्र मला महत्त्वाचे वाटते. माणसे कमी असताना राजा म्हणत होता, या आणि राहा. आता नोकऱ्या कमी आणि माणसे जास्त झाली, तेव्हा सरकार विचारू लागले, तू खरेच राहणार आहेस ना? तरीही पैसा हा त्याचा निकष नव्हता. काळ आणि मन, हे दोनच निकष होते.

उलटलेला कौल

आता शेटजींच्या आठ लाख डॉलरकडे येऊ. पैसे घेऊन रहिवासीपण किंवा नागरिकत्व देण्याची आजची पद्धत जेमतेम ४० वर्षांची आहे. सेंट किट्स अँड नेव्हिस या कॅरिबियनमधल्या चिमुकल्या देशाने १९८४मध्ये गुंतवणुकीवर नागरिकत्व देण्याची सोय केली. कॅनडाने १९८६मध्ये गुंतवणूकदारांसाठी योजना काढली. तिच्या शेवटच्या रूपात अर्जदाराची मालमत्ता १६ लाख कॅनेडियन डॉलरची लागे आणि त्यातले ८ लाख सरकारला पाच वर्षे बिनव्याजी द्यावे लागत. अमेरिकेने १९९०च्या कायद्यात 'ईबी-५' हा वर्ग घातला. २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याची रक्कम साडेदहा लाख डॉलर, आणि ग्रामीण किंवा बेकारी जास्त असलेल्या भागात गुंतवल्यास आठ लाख. त्या पैशातून किमान १० जणांना पूर्णवेळ काम मिळाले पाहिजे. पैसा बुडण्याची जोखीम गुंतवणूकदाराने घेतलीच पाहिजे; परताव्याची हमी दिलेली चालत नाही. आधी मिळते ते दोन वर्षांचे सशर्त कार्ड. अटी पुऱ्या झाल्याचे दाखवले की ते कायम होते.

यातले बरेच दरवाजे आता बंद झाले आहेत. कॅनडाने आपली योजना २०१४मध्ये गुंडाळली. ब्रिटनने २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२मध्ये बंद केला, आयर्लंडने २०२३मध्ये. पोर्तुगालने २०१२मध्ये सुरू केलेल्या योजनेतला घरखरेदीचा मार्ग २०२३मध्ये काढून टाकला. परक्यांच्या पैशाने घरांच्या किमती वाढल्या आणि तिथल्या तरुणांना घर घेणे अवघड झाले, ही तिथली तक्रार होती. माल्टाचे पैशावरचे नागरिकत्व युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये बेकायदा ठरवले. देश आणि नागरिक यांच्यात खरे नाते हवे, ते निव्वळ व्यवहाराने होत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. गावाने विचारायचे प्रश्न न्यायालय विचारू लागले, असे मी त्याचे मराठी करतो.

भारतानेही हे करून पाहिले आहे. ऑगस्ट २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांना कायम वास्तव्याचा दर्जा देण्याची योजना मंजूर केली. १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवायचे आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार द्यायचा; त्याबदल्यात १० वर्षांचे वास्तव्य, पुढे आणखी १० वर्षे. ही योजना निघाली हे माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला माहीत नव्हते. जाणारे आपल्या डोळ्यांसमोर असतात, बोलावणे आपल्या लक्षात येत नाही.

कौल आणि गोल्डन व्हिसा शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट उघड दिसते. व्यवहार तोच आहे, पैसे देणारा बदलला आहे. कौलात राज्य सारा सोडत होते आणि माणूस मिळवत होते. इथे माणूस पैसा मोजतो आणि राज्य मिळवतो. कौलाची अट होती की माणसाने स्वतः येऊन राहावे, घर बांधावे, नांगर चालवावा. आजच्या कित्येक योजनांत वर्षातून थोडे दिवस तोंड दाखवले तरी चालते. राबायला त्याचा पैसा पुरतो. आणि मिरासपत्रावर असत तशा शेजाऱ्यांच्या साक्षी तर कुठेच नाहीत.

शेटजींसाठी मी त्याचा हिशेबही मांडून दिला, तेवढे मला जमते. आठ लाख डॉलर म्हणजे सात कोटींच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. म्हणजे आजोबा, आजी, मुलगा आणि सून अशा चौघांनी मिळून पाठवायचे. वर, पैसा कुठून आला याचा एकेक कागद अमेरिकेला दाखवायचा. घर कोणाचे, कसे मिळाले, विकून किती आले. लोटा-दोरीच्या कथेला तिथे किंमत नाही, खताला आहे.

"आणि पुढं तो तिथला नागरिक झाला तर?" शेटजींनी विचारले.

मी सांगितले की मग भारताचे नागरिकत्व जाते, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. २००५पासून ओसीआय कार्ड मिळते. त्यावर हवे तेव्हा येता येते, राहता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

शेटजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इथं तो उपरा."

मिरास आणि उपरी यांबद्दल मी त्यांना तोवर काहीच बोललो नव्हतो. शब्द त्यांचा त्यांनीच काढला. परागंदा मिरासदाराचा नातू परत येऊन आपले थळ मागू शकत होता, हे मग मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "थळ विकून गेला तर काय मागन, भाऊ?"

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. घर विकू नका, असे सांगणारा मी कोण? त्यांच्या पणजोबांनीही शेखावाटीतली हवेली अशीच मागे ठेवली होती. ती आज बंद आहे, भिंतींवरची चित्रे उन्हाने उडाली आहेत, असे शेटजीच सांगतात. त्यांनी नागपूर निवडले म्हणून कोणी त्यांना बोल लावला नाही. गोंड राजाने बोलावले म्हणून आलेल्यांच्या, भोसल्यांमागून आलेल्यांच्या, गिरणीपायी आलेल्यांच्या या शहराने जाणाऱ्याला बोल लावू नये. पण आपण काय देऊन काय घेतो आहोत, ते समजून मात्र घ्यावे. पणजोबांनी पैसा टाकून जागा घेतली. 'राहणार' हा शब्द त्यांना त्यानंतरच्या २५ वर्षांनी दिला. उधारी सांभाळण्यात, शेजाऱ्यांच्या लग्ना-मयतांत, बाजारच्या तंट्यांत बसण्यात ती वर्षे गेली असणार. आठ लाख डॉलरमध्ये जागा येते, कार्ड येते. ती वर्षे नातवाला स्वतःच काढावी लागतील आणि ती काढली तर तोही तिथला होईल, यात मला शंका नाही.

दसऱ्याच्या आधी विक्रीखत नोंदवले गेले. शेटजींनी मला साक्षीदार म्हणून नेले. घर वडिलोपार्जित असल्याने नातवाची संमती लागली होती. तिचा कागद तिकडून आला होता. खत लिहिणाऱ्याने तो पाहून मजकूर संगणकावर टाइप केला आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवला. नातवाच्या नावापुढे होते : राहणार इतवारी, नागपूर, हल्ली मुक्काम न्यू जर्सी.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारले.

शेटजींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी सही केली, मग मी साक्ष घातली.